मामांचं ग्रंथालय, भाच्याचा हिशेब

हदगावात संध्याकाळी साडेसातला लाइट गेली, तेव्हा मामांच्या जुन्या लॅपटॉपवरचा आकडा एकसष्ट टक्क्यांवर पोचला होता. सकाळी नऊपासून तो मुंगीच्या पावलांनी चढत होता. बॅटरी कधीचीच संपलेली, त्यामुळे वायरीतली वीज गेली की यंत्र जागच्या जागी बंद. तासाभराने पंखा फिरू लागला, मामांनी बटण दाबलं आणि आकडा पुन्हा शून्यावरून निघाला.

मामा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर सात-आठ घरांतली माणसं बायबलच्या अभ्यासाला बसतात. भाच्याचं नांदेडला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. नवा लॅपटॉप घ्यायला हवा, यावर दोघांचं एकमत होतं. विंडोज 10 ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि मामांचं 2016 सालचं यंत्र विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. वाद होता तो कोणता घ्यायचा याचा. पंधरा दिवस तो फोनवर चालला. मग एका शनिवारी दुकान लवकर बंद करून भाचा अर्धापूरच्या रस्त्याने हदगावला आला आणि ओसरीवर मांडी घालून बसला.

“हेवी सॉफ्टवेअर असंल तर गेमिंगचाच घ्या, असं दुकानदार म्हणाला,” मामांनी सुरुवात केली. “सोळा इंची पडदा, वेगळं ग्राफिक्स कार्ड. लाखाच्या वर जाईल. जाऊ दे. पेन्शनीतून त्याच्यासाठीच बाजूला काढलेत.”

“मामा, ग्राफिक्स कार्ड कायला लागतंय तुम्हाला? खेळातली माणसं, गाड्या, झाडं सेकंदाला साठ-साठ वेळा रंगवायची असतात, त्याला ते लागतंय. तुमच्या पडद्यावर काय असतंय? अक्षरं. ती जागची हालत नाहीत. प्रोसेसरच्या पोटात जे ग्राफिक्स असतंय तेच पुरून उरतंय.”

“मग हे सकाळपासून काय दळायलंय?”

“सूची करायलंय.”

या दोन शब्दांवरच सगळा खर्च ठरतो, म्हणून ते उलगडून सांगायला हवेत. सबंध बायबल म्हणजे 66 पुस्तकं, 1189 अध्याय आणि 31 हजारांवर वचनं. साध्या मजकुराच्या रूपात इंग्रजी बायबल पाच एमबीच्या आत मावतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात सहसा तीन बाइट घेतं, तरी मराठी बायबल पंधरा एमबीपलीकडे जात नाही. मोबाइलने काढलेले चार-पाच फोटो तेवढी जागा घेतात. म्हणजे बायबल जड नाही. जड असतं ते त्याच्याभोवती उभं केलेलं ग्रंथालय. अमेरिकेत 1992 पासून निघणाऱ्या लोगोससारख्या सॉफ्टवेअरमध्ये टीकाग्रंथ, हिब्रू-ग्रीक कोश, व्याकरणं, प्रवचनं, नकाशे असे शेकड्यांनी, ऐपत असेल तर हजारांनी ग्रंथ साठवता येतात. नवा ग्रंथ आला की प्रोग्राम तो शब्दन् शब्द वाचतो आणि कोणता शब्द कुठे आला याची नोंद करून ठेवतो. ती सूची तयार असते म्हणूनच पुढे हजार पुस्तकांत एक शब्द क्षणात सापडतो. सूची बनताना प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम राबतात आणि पंखा घोंघावतो. डिस्क जुनी, फिरती असेल तर तिची सुई लाखो बारीक नोंदींसाठी मागेपुढे धावत राहते. मामांचा दिवस खाल्ला तो या सुईने.

“म्हणजे एसएसडी,” मामा म्हणाले.

“एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही. तुमच्या कामाला पहिला रुपया तिच्यावर. दुसरा रॅमवर. प्रोसेसर मधला चालतोय. कार्डावर एक पैसा नाही.”

शब्दसूचीचं हे वेड संगणकाच्या आधीचं आहे. जेम्स स्ट्राँग यांची इंग्रजी बायबलची सूची 1890 साली निघाली. तिच्यात मूळ हिब्रू शब्दांना 8674 आणि ग्रीक शब्दांना 5624 पर्यंत क्रमांक दिले आहेत, आणि आजचं बहुतेक सॉफ्टवेअर त्याच क्रमांकांवर चालतं. 1949 साली रोबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट धर्मगुरू थॉमस अक्वायनसच्या लेखनाची सूची करण्यासाठी आयबीएमच्या दारात गेले, आणि भाषेच्या अभ्यासात यंत्र शिरलं ते तिथून. 1957 मध्ये जॉन एलिसन यांनी युनिव्हॅक संगणकावर बायबलच्या एका इंग्रजी आवृत्तीची सूची छापून काढली. खोलीएवढ्या यंत्राचं ते काम आज हदगावच्या ओसरीवर मांडीवर घेऊन बसता येतं, हे लक्षात घेतलं तर मामांचा हट्ट चैनीचा वाटत नाही.

भाच्याला मात्र तो पूर्ण पटलेला नव्हता.

“पण मामा, एवढं ग्रंथालय पाहिजेच कायला? केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल फुकट हाये. ई-स्वोर्ड विंडोजवर 2000 सालापासून फुकट हाये. क्रॉसवायरचा स्वोर्ड प्रकल्प हाये. हिब्रू, ग्रीक, स्ट्राँगचे नंबर, सगळं त्यात. तीस-पस्तीस हजारांच्या लॅपटॉपवर उड्या मारत चालतंय. बाकीचे पैसे ठेवा की बँकेत.”

“योहानाचा एकविसावा अध्याय काढ,” मामा शिक्षकाच्या आवाजात म्हणाले. “येशू पेत्राला तीनदा विचारतो. माझ्यावर प्रीती करतोस का? ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळा क्रियापद आगापाओ. तिसऱ्यांदा तो फिलेओ म्हणतो. पेत्र तिन्ही वेळा फिलेओच म्हणतो. बऱ्याच इंग्रजी भाषांतरांत दोन्हीला एकच शब्द. एवढं तुझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतंय, मान्य. पण हा फरक मुद्दाम केलेला हाये की योहानाची शब्द बदलून लिहायची सवयच हाये, यावर अभ्यासकांचं भांडण हाये. ते भांडण टीकाग्रंथांत हाये. चार जणांचं म्हणणं शेजारी-शेजारी उघडून बघितल्याशिवाय मी रविवारी तोंड उघडू का? लोक माझ्यावर विश्वास ठेवून बसतात रे.”

या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याने ते दिल्यासारखंही केलं नाही. मोफत साधनांत जुने, हक्क संपलेले टीकाग्रंथ भरपूर मिळतात. गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधन बहुतेक विकतच घ्यावं लागतं. मामांना ते हवं होतं. भाच्याने फक्त वाट बदलली.

“मग ब्राउझरवर वाचा. त्यांच्या सर्व्हरवर सूची तयारच असती. तुमच्या मशीनवर काही दळायची गरज नाही.”

“आन् रेंज गेली की? परवा वादळात दीड दिवस नेट नव्हतं. ग्रंथ माझ्या डिस्कवर पाहिजेत. त्यात लोगोसची आता वर्गणीची पद्धत सुरू झालीय 2024 पासून. बायबलवर्क्स आठवतंय का? पंचवीसएक वर्षं चाललेलं नामांकित सॉफ्टवेअर. 2018 ला कंपनी बंद झाली.”

“तेच तर मी सांगायलो! कंपनी बंद झाल्यावर ज्यांच्याकडं होतं त्यांचं चालत राहिलं, पण नवं काही आलं नाही. उद्या विंडोज बदललं तर काय? म्हणून म्हणतोय, एका दुकानात सगळा पैसा ओतू नका.”

एकाच घटनेतून दोघे दोन उलट धडे काढत होते, आणि दोन्ही धडे खरे होते. विकत घेतलेलं ग्रंथालय आपल्या डिस्कवर असलं की कंपनी गेल्यावरही काही काळ हातात राहतं. पण ते त्या कंपनीच्या बंदिस्त साच्यात असतं, दुसरीकडे नेता येत नाही. कागदी पुस्तकाला हे दुखणं नाही. मामांच्या कपाटातली 1980 च्या दशकातली पुस्तकं वाळवीपासून वाचली आहेत तेवढी आजही उघडतात.

भाच्याने मग ठेवणीतला मुद्दा काढला. “पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळं बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं. त्यांच्याकडं कुठं होतं सॉफ्टवेअर?”

“छापखाना होता ना,” मामा लगेच म्हणाले. “मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना उभा केला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. त्या काळात छापखाना म्हणजे काय खर्च असंल? दहा वर्षांवर त्या बाई भाषांतराला बसल्या, 5 एप्रिल 1922 ला गेल्या, आणि ते बायबल 1924 ला बाहेर आलं. त्यांनी साधनावर हात आखडला नाही. मला कशाला सांगायलास त्यांचं नाव घेऊन?”

इथे मामांचंच बरोबर आहे. साधेपणाचं उदाहरण म्हणून रमाबाईंचं नाव घेणाऱ्यांना केडगावचा छापखाना आठवत नाही. रमाबाईंना सोपी, साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी होती, म्हणून त्या मूळ भाषा शिकल्या आणि म्हणूनच यंत्रही घरात आणलं. अभ्यासाचं साधन चांगलं असावं हा आग्रह मराठी ख्रिस्ती परंपरेत नवा नाही. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप करणारे बाबा पदमनजी असोत, की 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो, कोशाशी मैत्री असल्याशिवाय यांतलं एकही काम झालेलं नाही.

तेवढ्यात चहा आला आणि मामींनी विचारलं, “ह्याची अक्षरं मोठी दिसतील का? मागच्यावर ठिपका हाये का धूळ हाये, तेच कळत नव्हतं.”

त्या प्रश्नावर दोघांचा आवाज खाली आला. हिब्रूत स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके असतात. ‘श’ आणि ‘स’ यांचं अक्षरही एकच. ठिपका उजव्या टोकावर असला तर श, डाव्या टोकावर असला तर स. मराठीत अनुस्वार, रफार आणि खालचा रुकार यांचं तसंच. कमी दर्जाच्या पडद्यावर हे सगळं एकमेकांत मिसळतं. गेमिंगच्या यंत्रात पैसा वेगाने हलणाऱ्या चित्रासाठी मोजलेला असतो. इथे हवा स्थिर, ठळक आणि चमक न मारणारा पडदा. दुपारी ओसरीवर उजेड एवढा असतो की चकचकीत काचेत वचनाऐवजी अंगणातला लिंब दिसतो. सोळास दहा या प्रमाणाचा थोडा उंच पडदा घेतला तर हिब्रू, ग्रीक, मराठी आणि टीका असे चार रकाने शेजारी लावूनही चार ओळी जास्त मिळतात. मामींनी विचारलं नसतं तर पडद्याचा विषय निघालाच नसता, कारण दोघेही यंत्राच्या पोटात शिरले होते.

मग लाइटचा हिशेब झाला. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर 180 ते 230 वॅटचा आणि विटेएवढा. साध्या पातळ यंत्राला 65 वॅटचा टाइप-सी चार्जर पुरतो. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा, दोन दिवे आणि त्यात हा भार. “भारनियमनात मामींनी पंखा बंद करायचा का तुम्ही अभ्यास?” असं भाच्याने विचारलं, तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा विषय मामांनी स्वतःच सोडला. उन्हाळ्याचंही तेच. नांदेडकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. अगदी पातळ यंत्रात हवा खेळायला जागा नसते, त्यामुळे कागदावरचा वेग आणि दुपारी अडीचला हातात येणारा वेग यांत मोठं अंतर पडतं. सूची रात्री करायला लावावी, यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, ही भाच्याची सूचना फुकटची असली तरी मोलाची होती.

रॅमवर मात्र तो एक पाऊलही मागे हटला नाही. आठ जीबीत काम होईल, पण ग्रंथालय, ब्राउझर आणि टाइप करायची फाइल एकदम उघडली की रॅम संपते, यंत्र डिस्कचा आधार घेतं आणि रेंगाळतं. सोळा घ्या, आणि एक खाचा रिकामा असलेलं यंत्र बघा, म्हणजे पुढे वाढवता येईल, असं तो म्हणाला. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डाख लावून बसवलेली असते. तिथे ‘पुढे बघू’ चालत नाही. 2025 च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी ती ओढून घेतली, त्यामुळे हा खर्च टोचणारा आहे. पण तो टाळता येण्याजोगा नाही.

“आन् ते एआयवालं? जाहिरातीत सारखं सांगायलेत.”

“कोपायलट प्लस? त्यात वेगळी एनपीयू चिप असती. तुमचं ग्रंथालय सूची करताना तिचा वापर करत नाही. फुकट आली तर येऊ द्या, तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. अन् प्रोसेसर स्नॅपड्रॅगनचा असंल तर तुमची सगळी जुनी सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतात का, ते आधी बघायचं.”

एवढ्यावर वाद मिटला असता. पण भाच्याने सहज मामांच्या यंत्रावर मराठी बायबल उघडलं आणि शोधाच्या चौकटीत ‘आत्मा’ टाइप केलं. जे आलं ते फारच थोडं होतं. मामांना तोंडपाठ असलेली कित्येक वचनं त्यात नव्हती.

“बिघडलंय का?”

बिघडलं काहीच नव्हतं. इंग्रजीत शब्दाचं रूप फारसं बदलत नाही. मराठीत ‘आत्मा’ला प्रत्यय लागला की तो ‘आत्म्या’ होतो. आत्म्याने, आत्म्याला, आत्म्यात, आत्म्याच्या. साध्या शोधाला हे वेगळे शब्द वाटतात. त्यात बायबलच्या मराठी आवृत्त्या वेगवेगळ्या काळांतल्या. बंगालातल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरींचा नवा करार 1811 चा, मुंबईत पूर्ण झालेलं सबंध बायबल 1847 चं, रमाबाईंचं 1924 चं, आणि त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 नंतर रूढ झाले, त्याआधी ‘प्रीति’ आणि ‘प्रभु’ ऱ्हस्व होते. आज कुणी ‘प्रीती’ शोधलं तर जुन्या मजकुरातली ‘प्रीति’ सापडत नाही. सगळ्यांत चमत्कारिक प्रकार ‘तारणाऱ्या’ या शब्दाचा. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा खाली ठिपका असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, आणि एकदा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द दिसतात. आणि स्ट्राँगचे क्रमांक? ते इंग्रजी मजकुराला जोडलेले. ग्रीक शब्दावर टिचकी मारली की इंग्रजी अर्थ उघडतो.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी लाखाचं मशीन घेतलं तरी ते इंग्रजीतच हुशार राहणार.”

“व्हय. अन् तीस हजाराचं घेतलं तरी मराठीत तेवढंच अडाणी,” भाचा म्हणाला. “ह्याला रॅम पुरत नाही मामा. कुणीतरी बसून मराठी शब्दांना खुणा लावायला पाहिजेत.”

बायबलच काय, ज्ञानेश्वरी असो की लीळाचरित्र, मराठी ग्रंथ संगणकावर अभ्यासायला बसलेला प्रत्येक माणूस इथेच अडखळतो. मजकूर पडद्यावर आला म्हणजे तो शोधता येतो असं नाही. शब्दाचं मूळ रूप, जुनी-नवी वर्तनी, मूळ भाषेतला शब्द अशा खुणा माणसाने लावलेल्या असतील तरच यंत्राचा वेग मराठी वाचकाच्या कामी येतो. हे काम छोट्या, जुन्या, स्वस्त यंत्रावरही होतं. लागतो तो भाषा जाणणारा माणूस आणि वेळ, आणि हदगावच्या ओसरीवर दोन्ही होते.

रात्री जेवणानंतर यादी ठरली. चौदा इंची, चमक नसलेला, सोळास दहाचा पडदा. सोळा जीबी रॅम आणि एक रिकामा खाचा. 512 जीबीची एसएसडी. साठ वॅट-अवरच्या आसपास बॅटरी आणि 65 वॅटचा टाइप-सी चार्जर. ग्राफिक्स कार्ड नाही. मामांनी एकच भर घातली: तीन वर्षांची, घरी येऊन दुरुस्त करून देणारी हमी, कारण बिघडलेलं यंत्र मांडीवर घेऊन नांदेडला दीड तास जायचं वय आता राहिलं नाही. वापरलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड निम्म्या किमतीत आणून देतो, हा भाच्याचा आग्रह मामांनी मानला नाही. तो अजूनही म्हणतो की मामांनी पंचवीस हजार जास्त घातले.

गेमिंगच्या यंत्राचे जे पैसे वाचले, त्यांतून मामांनी ग्रीकचा एक चांगला कोश आणि योहानावरचे दोन टीकाग्रंथ घेतले. जुन्या लॅपटॉपमध्ये भाच्याने स्वस्तातली एसएसडी बसवली, लिनक्स टाकलं आणि तो मामींच्या टेबलावर ठेवला. त्यावर एक साधी युनिकोड मजकुराची फाइल आहे. डावीकडे स्ट्राँगचा क्रमांक, मग ग्रीक शब्द, मग मराठी शब्द आणि त्याची सगळी रूपं, ऱ्हस्व-दीर्घासह. मामा सांगतात, मामी टाइप करतात, रविवारी आलेली माणसं राहिलेली रूपं सुचवतात. कुणालाही मागितली तर पेन ड्राइव्हवर देतात. जूनच्या तिसऱ्या रविवारपर्यंत तिच्यात 214 शब्द झाले होते आणि ती शंभर केबीसुद्धा भरली नव्हती.